संगणकीय खेळांतील यानरचना : मर्यादेचा एक इतिहास

१

संगणकीय खेळांच्या इतिहासाकडे सामान्यतः दोन अंगांनी पाहिले जाते. पडद्यावरील चित्रांची उत्तरोत्तर वाढत गेलेली सफाई हे एक अंग, आणि या खेळांभोवती उभा राहिलेला प्रचंड व्यापार हे दुसरे. खेळाने खेळाडूच्या हाती नेमके कोणते काम सोपविले, या प्रश्नाकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. अंतराळविषयक खेळांत असे एक काम फार लवकर आले आणि पुढे टिकून राहिले. ज्या यानातून प्रवास करावयाचा, व्यापार करावयाचा किंवा लढावयाचे, ते यान खेळाडूने स्वतः रचावयाचे, अथवा निदान आपल्या गरजेप्रमाणे बदलून घ्यावयाचे, हे ते काम होय.

या कामाचा इतिहास सरळ प्रगतीची कथा म्हणून सांगण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. प्रारंभी यान आयते मिळे; मग त्यावर एखाददुसरे शस्त्र बसविता येऊ लागले; पुढे सांगाडा, यंत्रे व चिलखत निवडता येऊ लागले; शेवटी खिळ्या-पत्र्यापासून संपूर्ण यान बांधता येऊ लागले. म्हणजे स्वातंत्र्य सतत वाढत गेले, असा हा क्रम दिसतो. घटनांचा हा क्रम स्थूलमानाने बरोबर आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष तपासून पाहिला पाहिजे. ज्या खेळांतील यानरचना खेळाडूंच्या विचाराला खरोखर कामाला लावू शकली, त्यांत स्वातंत्र्यापेक्षा मर्यादेचा वाटा मोठा आहे. काय घ्यावयाचे हा प्रश्न तेथे सोपा असतो. काय सोडावयाचे हा अवघड असतो. रचना जन्मास येते ती या दुसऱ्या प्रश्नातून.

विवेचनाच्या सोयीसाठी यानरचनेची तीन अंगे वेगळी करता येतील : यानाचे रूप, त्यामागील हिशेब, आणि त्या हिशेबाचा खेळात भोगावा लागणारा परिणाम. ही तीन अंगे कधी एकत्र आली व कधी विभक्त झाली, याचा मागोवा घेतल्यास या इतिहासाची दिशा अधिक स्पष्ट होते.

२

नौकांचे खेळ संगणकाहून जुने आहेत. इंग्लंडमध्ये फ्रेड जेन याने १८९८ साली आपल्या नाविक युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी जगातील युद्धनौकांचा सचित्र संग्रहही काढला. नौकेचे चिलखत कोठे किती जाड आहे, तोफा कोणत्या आहेत, वेग किती आहे, यांवर या खेळाचा निकाल अवलंबून असे. नौकेच्या शक्ती आकड्यांत मांडून त्यांची तुलना करण्याची ही दृष्टी पुढील सर्व खेळांच्या मुळाशी आहे. मात्र जेनच्या खेळातील नौका वास्तवातील आरमारांच्या होत्या. खेळाडूने लढावयाचे ते सरकारांनी बांधलेल्या नौका घेऊन. त्यांची रचना त्याच्या अधिकारात नव्हती.

संगणकाच्या पडद्यावर अंतराळयान आले ते १९६२ साली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार झाला. त्याच्या कल्पनेत स्टीव्ह रसेल, मार्टिन ग्रेट्झ व वेन विटानेन यांचा भाग होता. आज्ञावलीचे मुख्य लेखन रसेल याचे. मध्यभागी एक तारा, त्याचे गुरुत्वाकर्षण, आणि त्याभोवती एकमेकांवर मारा करणारी दोन याने, असे खेळाचे स्वरूप होते. एक यान सुईसारखे निमुळते, तर दुसरे पाचरीसारखे होते. पहिल्यात रेडस्टोन या तत्कालीन अग्निबाणाची आठवण होती. दुसऱ्यात बक रॉजर्सच्या चित्रकथांतील यानाची. एक रूप प्रयोगशाळेतून आलेले आणि दुसरे मासिकांतील कल्पनारम्य चित्रांतून आलेले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

ही दोन याने दिसावयास भिन्न असली तरी सामर्थ्याने समान होती. दोहोंचे इंधन मर्यादित आणि अस्त्रांची संख्याही मर्यादित होती. म्हणजे मर्यादा होती, पण तिची वाटणी करण्याचा अधिकार खेळाडूला नव्हता. यानाची आकृती संगणकाच्या स्मृतीत सांकेतिक अंकांच्या मालिकेने नोंदलेली असे, आणि डॅन एडवर्ड्स याने लिहिलेला आज्ञावलीचा एक भाग त्या अंकांवरून रेषाकृती सिद्ध करी. ज्याला ती आज्ञावली वाचता येत होती त्याला ते अंक बदलून यानाचे रूपही बदलता आले असते. रचनेचा अधिकार तत्त्वतः खुला होता, परंतु तो खेळाडूचा म्हणून नव्हे, आज्ञावलीकाराचा म्हणून. खेळणारा आणि घडविणारा यांच्यात पडलेले हे अंतर पुढील पन्नास वर्षांत निरनिराळ्या मार्गांनी कमी करण्यात आले.

३

त्यांतील एक महत्त्वाचा मार्ग संगणकातून नव्हे, तर कागदावरून गेला. १९७७ साली अमेरिकेतील गेम डिझायनर्स वर्कशॉप या प्रकाशनसंस्थेने मार्क मिलर याने रचलेला ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ प्रसिद्ध केला. फासे, कागद आणि पेन्सिल एवढ्याच साधनांनी खेळावयाच्या या खेळाची दुसरी पुस्तिका अंतराळयानांविषयी होती. संगणकीय खेळांत पुढे रूढ झालेली हिशेबाची पद्धत तीत सुसूत्र रूपाने आढळते.

त्यातील २०० टनांच्या एका सामान्य व्यापारी यानाचा जमाखर्च पाहण्यासारखा आहे. चालककक्षास २० टन, संगणकास १ टन, यंत्रांस १५ टन, इंधनास ३० टन, दहा खोल्यांस ४० टन, शीतनिद्रेत प्रवास करणाऱ्यांच्या वीस शय्यांस १० टन, शस्त्रनियंत्रणासाठी राखलेले २ टन, आणि उरलेले ८२ टन मालासाठी. बेरीज बरोबर २०० येते. येथे ‘टन’ हे माप वजनाचे नसून जागेचे आहे : एक टन द्रवरूप हायड्रोजन जेवढी जागा व्यापतो तेवढी, म्हणजे सुमारे १४ घनमीटर. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे घ्यावयाच्या उडीसाठी लागणारे इंधन यानाच्या आकाराच्या दहा टक्के, आणि उडी दुप्पट लांबीची हवी असेल तर वीस टक्के. अर्थात् दूरचा पल्ला गाठू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला केवळ या इंधनापायी मालाच्या कोठीतून २० टन सोडून द्यावे लागत. मोठ्या यंत्रांना लागणारी जागा आणखी वेगळी. यान कर्जाने घेतल्यास किमतीचा २४०वा हिस्सा दरमहा, असे ४८० हप्ते फेडावयाचे असत. चाळीस वर्षांचे हे कर्ज डोक्यावर असलेला खेळाडू प्रत्येक टनाकडे निराळ्या नजरेने पाहू लागे. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा व्यवहार अंतराळातही सुटत नाही, हे या पुस्तिकेने त्याला शिकविले.

या पद्धतीचा विस्तार ‘हाय गार्ड’ या १९७९ सालच्या पुस्तिकेत लढाऊ आरमारांपर्यंत झाला, आणि १९८१ मध्ये एक लाख कोटी इतक्या काल्पनिक चलनात संपूर्ण आरमार रचण्याची स्पर्धा निघाली. त्या वर्षी कॅलिफोर्नियातील सॅन मॅटिओ येथे भरलेल्या स्पर्धेत एक अनपेक्षित प्रकार घडला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डग्लस लेनाट याने ‘युरिस्को’ नावाची आज्ञावली सिद्ध केली होती. स्वतःचे ठोकताळे स्वतः शोधून सुधारणे हा तिचा हेतू. खेळाचे नियम तिला देण्यात आले. रात्रीमागून रात्री तिने आरमारे रचली, एकमेकांशी लढविली आणि निकालांवरून नवी रचली. आणि लेनाट दररोज सकाळी त्या निष्कर्षांची छाननी करी. तयार झालेले आरमार अनुभवी खेळाडूंना हास्यास्पद वाटावे असे होते. त्यात मंदगती, जाड चिलखताच्या आणि लहान शस्त्रांनी खच्चून भरलेल्या नौकांचा भरणा होता. तरी स्पर्धा त्याच आरमाराने जिंकली. पुढील वर्षी नियम बदलून गतीला महत्त्व देण्यात आले. तेव्हा जायबंदी झालेली आपलीच नौका नष्ट करून उरलेल्या आरमाराची सरासरी गती राखण्याची युक्ती युरिस्कोने काढली आणि पुन्हा विजय मिळविला. त्यानंतर लेनाटने स्पर्धेतून अंग काढून घेतले.

या घटनेचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. यंत्राने माणसाला हरविले, असे तिचे वर्णन पुष्कळदा होते; परंतु स्वतः लेनाटने यशाचा अधिक वाटा आपल्याकडे घेऊन, दोघांपैकी एकालाही हे एकट्याने साधले नसते असे नमूद केले आहे. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. इतर स्पर्धकांच्या मनात ‘आरमार कसे दिसावे’ याची एक प्रतिमा होती. ती वास्तवातील आरमारांवरून आणि कथा-चित्रपटांवरून आली होती. युरिस्कोजवळ अशी प्रतिमा नव्हती. तिने फक्त नियम वाचले. रूप आणि हिशेब यांची फारकत किती दूरवर जाऊ शकते, हे या प्रसंगाने दाखवून दिले. आणि नियमांत कोठे छिद्र आहे हे रचनाच सर्वांत आधी उघड करते, हेही सिद्ध केले.

४

संगणकीय खेळांत हा हिशेब सामान्य खेळाडूच्या घरी पोचविण्याचे श्रेय ‘इलीट’ या खेळास द्यावे लागेल. केंब्रिज विद्यापीठातील डेव्हिड ब्रेबन व इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी रचलेला हा खेळ ॲकॉर्नसॉफ्टने सप्टेंबर १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकासाठी प्रसिद्ध केला. त्या संगणकाची एकूण स्मृती अवघी ३२ किलोबाइट, आणि तीतीलही काही भाग यंत्राच्या स्वतःच्या कामासाठी राखीव. एवढ्या जागेत प्रत्येकी २५६ ताऱ्यांच्या आठ आकाशगंगा बसविण्यात आल्या. त्या साठवून ठेवलेल्या नव्हत्या. ठरावीक गणिती क्रियेने प्रत्येक वेळी नव्याने उत्पन्न केल्या जात. खेळाडूने यानाच्या कोठीत टनाटनाचा विचार करावा, आणि त्या खेळाच्या कर्त्यांनी स्मृतीत बाइटाबाइटाचा विचार करावा, असे हे साम्य आहे.

‘इलीट’मध्ये यान बदलता येत नसे. प्रत्येकाचे यान एकच, ‘कोब्रा मार्क ३’. प्रारंभी हाती १०० क्रेडिट, पुढच्या बाजूस एक साधा लेसर, तीन क्षेपणास्त्रे आणि २० टनांची मालाची कोठी. ४०० क्रेडिट खर्चून कोठी ३५ टनांची करता येई. ५२५ मध्ये ताऱ्याजवळून इंधन गोळा करणारे साधन मिळे. १,००० मध्ये अधिक प्रभावी लेसर. १,५०० मध्ये फिरत्या अंतराळस्थानकात यान आपोआप उतरविणारा संगणक. आणि ६,००० मध्ये लष्करी लेसर. प्रश्न क्रमाचा होता. पहिल्या फेऱ्यांत मिळालेला पैसा कोठी वाढविण्यात घालावा, की चाच्यांपासून बचाव व्हावा म्हणून शस्त्रांत घालावा? कोठी मोठी केली तर नफा वाढे, पण तो लुटला जाण्याचा धोकाही वाढे. स्थानकात उतरण्याचे कौशल्य स्वतः कमवावे, की १,५०० क्रेडिट मोजून विकत घ्यावे, हाही प्रत्येकाने आपल्यापुरता सोडवावयाचा प्रश्न होता. एकाच सांगाड्याची याने अशा रीतीने भिन्न स्वभावाची होत गेली. रूप सर्वांचे एक. जीवनचरित्र मात्र निरनिराळे.

१९९३ साली निघालेल्या ‘फ्रंटियर’ या त्याच्या पुढील भागात ब्रेबनने ही चौकट मोडली. यान विकून दुसरे घेता येऊ लागले, आणि प्रत्येक साधनाला किमतीबरोबर टनभारही चिकटला. शस्त्रे, संरक्षक कवच, इंधन आणि माल हे सर्व आता एकाच कोठीसाठी भांडू लागले. ‘इलीट’मध्ये पैसा हीच काय ती अडचण होती, आणि पैसा मिळतच राहतो, त्यामुळे पुरेसा काळ खेळणाऱ्याचे यान अखेरीस परिपूर्ण होई. जागा मात्र वाढत नाही. ‘फ्रंटियर’मधील यान कधीच परिपूर्ण होत नव्हते, आणि म्हणूनच ते खऱ्या अर्थाने रचले जात होते.

५

त्याच १९९३ साली यानरचना एका दुसऱ्याच पातळीवर गेली. सिमटेक्स या संस्थेत स्टीव्ह बार्सिया याने रचलेला आणि मायक्रोप्रोजने प्रसिद्ध केलेला ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा साम्राज्यविस्ताराचा खेळ. यातील खेळाडू एका यानाचा चालक नसून एका संस्कृतीचा शासक आहे. तो रचतो ते यान म्हणजे एक नमुना असतो. त्या नमुन्याबरहुकूम शेकडो याने बांधली जातात.

सांगाडे चार आकारांचे. त्यांत लक्ष्यवेधी संगणक, कवच, चिलखत, इंजिन, चार प्रकारची शस्त्रे आणि तीन विशेष साधने बसवावयाची. संशोधन पुढे जाईल तसतसे जुने भाग लहान व स्वस्त होत जात. यामुळे एक विलक्षण निवड पुढे येई. नुकतेच सापडलेले प्रभावी अस्त्र एकच बसवावे, की एव्हाना लहान झालेली जुनी अस्त्रे पुष्कळ बसवावीत? नवे ते श्रेष्ठ, या सोप्या समजुतीला खेळाच्या गणितानेच छेद दिला होता.

परंतु या खेळातील सर्वांत कठोर मर्यादा आणखी वेगळी होती. एका वेळी सहाच नमुने बाळगता येत. सातवा आणावयाचा तर आधीच्या सहांपैकी एक रद्द करावा लागे, आणि नमुना रद्द होताच त्या प्रकारची सर्व याने तत्क्षणी मोडीत निघत. वास्तवाच्या कसोटीवर हा नियम पटण्यासारखा नाही. कोणतेही आरमार नवा आराखडा आला म्हणून जुन्या नौका एका दिवसात बुडवीत नाही. तथापि या कृत्रिम नियमाने रचनेत काळाचा विचार आणला. आज चांगले दिसणारे यान वीस वर्षांनी ओझे होईल काय, हा प्रश्न नमुना आखतानाच विचारावा लागे. जुनाट नौकांचा ताफा मोडून नवा उभारावयाचा तर मधल्या काळात सीमा उघडी पडे. सातत्य आणि परिवर्तन यांतील निवड शासकाला कशी भोवते, याचा अनुभव राजकीय इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही ओळखीचा वाटावा.

६

पुढील दशकात दोन भिन्न प्रवाह दिसतात. अमेरिकेतील स्टारडॉक या संस्थेच्या ‘गॅलेक्टिक सिव्हिलायझेशन्स २’ या २००६ सालच्या खेळात खेळाडूला यानाच्या बाह्यरूपाची पूर्ण मोकळीक मिळाली. पंख, मनोरे, कमानी, नळकांडी असे शोभेचे भाग हवे तसे जोडावेत. त्यांना ना वजन, ना किंमत, ना जागा. शस्त्रे तीन प्रकारची आणि त्यांना तोंड देणारी संरक्षणसाधनेही तीन; यांचा हिशेब मात्र वेगळा ठेवलेला. खेळाडूंनी या मोकळिकीचा उत्साहाने उपयोग केला, आणि कित्येकांची रचना शिल्पाच्या तोडीची होती. तरीही येथे रूप आणि हिशेब यांची फारकत अधिकृत झाली, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ज्या अलंकाराची किंमत मोजावी लागत नाही तो अलंकार यानाविषयी काही सांगत नाही. सांगतो तो केवळ ते सजविणाऱ्याच्या अभिरुचीविषयी. अर्थात् अभिरुची हाही इतिहासाचा विषय आहेच. पण तो निराळा विषय आहे.

दुसरा प्रवाह आइसलंडमधील सीसीपी या संस्थेच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळाचा. मे २००३ मध्ये सुरू झालेल्या या खेळात हजारो लोक एकाच काल्पनिक विश्वात एकाच वेळी वावरतात. यानांना ठरावीक संख्येचे वरचे, मधले व खालचे खण असतात. प्रत्येक साधनाला गणनशक्ती आणि विद्युत्शक्ती यांचा ठरावीक वाटा लागतो. आणि दोन्हींचा पुरवठा यानागणिक बांधलेला असतो. येथवर हिशेब ओळखीचा आहे. वेगळेपण परिणामात आहे. नष्ट झालेले यान परत मिळत नाही. ते बहुतांशी दुसऱ्या खेळाडूंनी खणलेल्या खनिजांतून आणि दुसऱ्या खेळाडूंनी बांधलेल्या भागांतून तयार झालेले असते. म्हणून त्याचा नाश म्हणजे अनेकांच्या श्रमांचा नाश होय. या भयापोटी खेळाडूंनी यानाची जुळवणी आधी पडताळून पाहण्यासाठी स्वतंत्र आज्ञावल्या लिहिल्या आणि त्या सर्वांना खुल्या केल्या. ‘स्पेसवॉर’च्या काळी दुरावलेले खेळणारा आणि घडविणारा येथे वेगळ्या वाटेने पुन्हा एकत्र आले.

२७ व २८ जानेवारी २०१४ रोजी या खेळातील बी-आर५आरबी या तारामंडळात झालेली लढाई या संदर्भात उल्लेखनीय आहे. एका पक्षाकडून त्या प्रदेशाच्या ताब्याचे ठरलेले शुल्क भरले गेले नाही, एवढ्या कारणावरून ती पेटली. साडेसात हजारांहून अधिक खेळाडू तीत ओढले गेले, आणि ‘टायटन’ या सर्वांत प्रचंड वर्गातील ७५ याने नष्ट झाली. नुकसानीचे मूल्य तीन लाख डॉलरांच्या घरात असल्याचे अंदाज तेव्हा प्रसिद्ध झाले. त्या आकड्यापेक्षा अधिक बोलकी गोष्ट अशी की, खेळाच्या चालकांनी त्या काल्पनिक तारामंडळात टायटनांचे भग्नावशेष स्मारक म्हणून कायमचे ठेवून दिले. विजयस्तंभ उभारणे ही जुनी रीत आहे. येथे पराभूत यानांचे सांगाडेच स्तंभ झाले. रचनेला परिणाम असतो तेथे स्मृतीही असते, याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

७

आतापर्यंत पाहिलेल्या सर्व खेळांत मर्यादा माणसाने ठरविलेल्या होत्या. दोनशे टनांत काय बसावे, नमुने सहाच का, याची उत्तरे खेळाच्या कर्त्यांच्या मर्जीत होती. मेक्सिकोतील स्क्वाड या संस्थेने जून २०११ मध्ये प्रथम लोकांपुढे ठेवलेल्या आणि एप्रिल २०१५ मध्ये पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केलेल्या ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ या खेळात मर्यादा घालण्याचे काम निसर्गनियमांकडे सोपविले गेले. फेलिपे फालांगे याच्या कल्पनेतून उतरलेल्या या खेळात खेळाडू टाक्या, इंजिने, पंख व कुप्या एकावर एक रचून अग्निबाण बांधतो आणि तो उडतो की कोसळतो हे पाहतो.

कॉन्स्टन्टिन त्सिओल्कोव्हस्की याने १९०३ साली मांडलेले समीकरण येथे सर्वाधिकारी आहे. इंधन वाढविले की वजन वाढते, आणि ते वाढलेले वजन उचलण्यासाठी पुन्हा इंधन लागते. त्यामुळे वेगाची प्रत्येक वाढीव मात्रा आधीच्या मात्रेहून महाग पडते. पृथ्वीभोवतीच्या कक्षेत जाण्यास, वातावरणाचा व गुरुत्वाचा अडथळा धरून, सेकंदाला ९.४ किलोमीटरच्या आसपास वेगबदल लागतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग सेकंदाला ३ किलोमीटर मानल्यास एकाच टप्प्याच्या अग्निबाणाच्या प्रारंभीच्या वजनापैकी सुमारे ९६ टक्के इंधनच असावे लागेल. उरलेल्या ४ टक्क्यांत टाक्या, यंत्रे, माणसे सर्व बसवावयाचे. प्रत्यक्षात रिकामे झालेले टप्पे वाटेत टाकून देण्याची पद्धत रूढ झाली ती या अडचणीमुळेच.

खेळातील ‘कर्बिन’ हा ग्रह मात्र ६०० किलोमीटर त्रिज्येचा आहे, म्हणजे पृथ्वीच्या जवळजवळ एक-दशांश. तेथे कक्षेत जाण्यास सेकंदाला साधारण ३.४ किलोमीटर पुरतात. त्याच इंजिनाने प्रारंभीच्या वजनाच्या दोन-तृतीयांशांहून किंचित अधिक इंधन घेतले तरी भागते. नियम निसर्गाचे, पण ग्रह माणसाच्या सोयीचा, अशी ही तडजोड आहे. ती कशासाठी केली हे उघड आहे. खऱ्या पृथ्वीवर घरी बसून एकट्याने रचलेला अग्निबाण बहुधा उडालाच नसता. मर्यादा इतकी शिथिल नको की रचना निरर्थक व्हावी, आणि इतकी कठोर नको की रचना अशक्य व्हावी. या दोहोंच्या मधली जागा शोधणे हेच या खेळांच्या कर्त्यांचे मुख्य कौशल्य होय.

रूप, हिशेब आणि परिणाम या तिन्ही अंगांची एकात्मता या खेळात दिसते. यान लांब आणि निमुळते दिसते, कारण वातावरणाचा विरोध कमी करावयाचा असतो. त्याला टप्पे दिसतात, कारण वजन टाकावयाचे असते. १९६२ सालच्या सुईसारख्या यानाने रेडस्टोनचे केवळ रूप उसने घेतले होते. सुमारे पन्नास वर्षांनी खेळाडू त्या रूपाकडे त्याच्या कारणांच्या मार्गाने येऊन पोचला.

८

याच काळात एक उलट दिशेची चळवळही सुरू झाली. २०१२ साली क्रिस रॉबर्ट्स याने जाहीर केलेल्या ‘स्टार सिटिझन’ या खेळाने लोकवर्गणीतून, आणि मुख्यतः खऱ्या पैशाने याने विकून, २०२२ सालापर्यंत पन्नास कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. त्या वेळी खेळ पूर्ण झालेला नव्हता. विकलेल्यांपैकी काही याने उड्डाणयोग्य होण्यापूर्वीच, चित्र व वर्णन यांच्या आधारे विकली गेली होती. ग्राहकांनी ती राजीखुशीने घेतली, म्हणून यात फसवणुकीचा आरोप करण्याचे प्रयोजन नाही. परंतु यानाशी खेळाडूचे नाते येथे बदलले, हे नाकारता येत नाही. ‘इलीट’मधील लष्करी लेसरमागे कित्येक फेऱ्यांचा व्यापार असे, विकत घेतलेल्या यानामागे घेणाऱ्याची मिळकत असते. पहिले यान खेळाच्या आतील मर्यादेतून घडते, दुसरे खेळाबाहेरील मर्यादेतून. रचनाकार आणि गिऱ्हाईक यांतील सीमारेषा या ठिकाणी पडते.

शेवटी या इतिहासाच्या साधनांविषयी. खेळाडूंनी रचलेली याने हा आपल्या काळातील एक विपुल दस्तऐवज आहे. लक्षावधी सामान्य माणसांनी मर्यादित साधनांची वाटणी कशी केली, कोणत्या गोष्टीस प्राधान्य दिले, कोणता धोका पत्करला, याची ती नोंद होय. ‘कर्बल’मधील यान साध्या मजकुराच्या स्वरूपात साठविले जाते आणि ते वाचताही येते. परंतु नुसते यान जपून भागणार नाही. जुन्या दप्तरातील खंडी वा बिघा हा आकडा, त्या प्रांतात त्या काळी ते माप केवढे होते हे ठाऊक नसल्यास, मुका राहतो. यानाच्या यादीचेही तसेच आहे. ‘ईव्ह’चे नियम प्रारंभापासून वारंवार बदलत आले आहेत, २००५ मधील शहाणपणाची जुळवणी पाच वर्षांनंतरच्या नियमांत मूर्खपणाची ठरू शकते. ज्या नियमसंहितेत ते यान रचले गेले ती संहिता, तिच्या तारखेसह, जपली गेली नाही तर यानाचे रूप तेवढे उरेल आणि त्याचे कारण हरवेल.

हे काम तातडीचे आहे. कागदावरील ‘ट्रॅव्हलर’ची पुस्तिका कपाटात पन्नास वर्षे पडून राहिली तरी उघडून वाचता येते, आणि त्या २०० टनांची बेरीज आजही जुळते. एखाद्या संस्थेच्या यंत्रांवर चालणारा खेळ ती यंत्रे ज्या दिवशी बंद होतील त्या दिवशी संपतो, आणि त्याबरोबर त्यातील प्रत्येक यानामागील त्यागाचा हिशेबही पुसला जातो. हे हिशेब पुढील पिढीच्या अभ्यासकाला मिळावयाचे असतील, तर खेळ चालू आहेत तोवरच त्यांचे नियम आणि त्यांतील याने यांची एकत्र नोंद होणे अवश्य आहे.